बिनरंगाचा ठिपका

तंबाखूतलं जे माणसाला बांधून ठेवतं, त्याला रंग नसतो. ताजं, शुद्ध निकोटीन हा नितळ तेलकट द्रव. हवा लागली की तो पिवळट होतो, मग तपकिरी. तंबाखूचा म्हणून जो रंग आपल्या डोळ्यांपुढे येतो, विडी ओढणाऱ्याच्या बोटांवर चढलेला किंवा भिंतीच्या कोपऱ्यात थुंकलेला, तो बराचसा दुसऱ्याच मंडळींचा असतो. हे मला ठाऊक होतं, कारण माझी सगळी नोकरी असल्याच गोष्टी मोजण्यात गेली. तरीही भाच्याने पाठवलेल्या, तंबाखूचा अर्क तपासलेल्या कागदी पट्ट्यांचे फोटो बघताना डोळा आधी रंगाकडेच जायचा.

भाचा इंग्लंडात स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टच्या वाटेने गोव्यातली जी असंख्य मुलं तिथे गेली, त्यांतलाच एक. गोदामात नोकरी, पाळ्या रात्रीच्या, थंडी. तिथे सिगारेट सोडून तो वेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर, गेला. दुकानात ‘तंबाखूचा स्वाद’ म्हणून जे मिळतं ते त्याला आवडेना. जळक्या साखरेच्या गोळीसारखं लागतं म्हणायचा. मग त्याने खरी पानं आणून प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये, वेपमध्ये वापरतात त्या द्रवात, भिजवायला, गाळायला, मुरवायला सुरुवात केली. हा उद्योग करणारे लोक जगभर आहेत. आणि एके दिवशी त्याचा फोन आला: “मावशी, तू जन्मभर क्रोमॅटोग्राफी केलीस. ह्या बाटलीत काय काय आहे ते घरच्या घरी बघता येईल?” क्रोमॅटोग्राफी म्हणजे मिश्रणातले घटक सुटे करून बघायची विद्या.

मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या क्यूसीमध्ये, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, होते. गोव्याबाहेरच्यांना गोवा म्हणजे किनारा. आमच्या फोंड्याकडच्या कितीतरी घरांना गोवा म्हणजे सकाळची कंपनीची बस, पांढरा कोट आणि एचपीएलसी ह्या क्रोमॅटोग्राफीच्या यंत्राचा पडदा. वेर्णे, कुंडई, पिळर्ण इथल्या औषध कारखान्यांत रसायनशास्त्र शिकलेल्या आमच्या कित्येक मुलींचं आयुष्य त्या पडद्यावरचे उंचवटे, म्हणजे ‘पीक’, मोजण्यात जातं. त्यामुळे प्रश्न योग्य माणसाला विचारला होता. उत्तर मात्र मी ताबडतोब दिलं नाही. आधी त्याला एवढंच बजावलं की ह्यातली एक बाटलीही सुट्टीला येताना बॅगेत टाकू नकोस. आपल्याकडे १८ सप्टेंबर २०१९ला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्यावर बंदी. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तिकडे मात्र वेप दुकानात उघड मिळतं. फक्त निकोटीन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको आणि बाटली १० मिलिलिटरहून मोठी नको.

तेव्हा असं ठरलं: त्याने तिथे त्याचा अर्क तपासायचा आणि मी इथे साधं पान तपासायचं. पानावर बंदी नाही. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून मी दातांना लावायच्या मशेरीसाठी विकतात ती जाड, काळपट पानं आणली. दोघांनी एकाच पद्धतीने पट्टी चालवायची आणि रात्री फोनवर दाखवायची.

पद्धत शाळेतल्या पोराला जमेल इतकी सोपी आहे. काचेची उंच बरणी, तळाशी बोटभर द्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, वर घट्ट झाकण. आत सोडायला गाळणकागदाची पट्टी. पट्टीच्या खालच्या कडेपासून थोडं वर, द्रावकात बुडणार नाही इतपत, पेन्सिलीने रेघ मारायची. पेन्सिलीनेच, कारण पेनची शाई द्रावकाबरोबर स्वतःच धावायला लागते आणि मग तंबाखूऐवजी शाईचं विश्लेषण होतं. रेघेवर अर्काचा बारीक ठिपका लावायचा, सुकवायचा, पुन्हा त्याच जागी लावायचा. पट्टी बरणीत सोडली की द्रावक कागदातून वर चढतो आणि ठिपक्यातली मंडळी त्याच्याबरोबर निघतात. जत्रेला निघालेल्या माणसांसारखीच त्यांची गत: काही खाज्यांच्या प्रत्येक दुकानापाशी रेंगाळतात, काही थेट देवळाचा चौक गाठतात. द्रावक वरच्या कडेला पोचायच्या आत पट्टी काढायची आणि तो कुठवर चढला तिथे लगेच खूण करायची. सुकल्यावर ती ओळ दिसत नाही, आणि ती नसेल तर बाकीच्या मोजमापाला अर्थ उरत नाही. ठिपका किती चढला भागिले द्रावक किती चढला, हा झाला आरएफ.

गंमत म्हणजे ह्या विद्येचा जन्मच पानाच्या रंगांतून झाला. मिखाइल त्स्वेत हा वनस्पतिशास्त्रज्ञ. वॉर्सात १९०३ साली त्याने ही पद्धत व्याख्यानात मांडली, १९०६ साली तिला नाव दिलं. खडूची भुकटी नळीत ठासून भरायची, वरून हिरव्या पानाचा अर्क ओतायचा, मागोमाग द्रावक सोडायचा. नळीत हिरवे, पिवळे, नारिंगी पट्टे सुटे होत उतरायचे. त्याच्या हयातीत ह्या कामाची फारशी कदर झाली नाही. कागदावरची तऱ्हा त्यानंतरची, आणि तीही लोकरीच्या पोटातून आली. लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत मार्टिन आणि सिंज लोकरीतली अमिनो आम्लं सुटी करायच्या खटपटीत होते. १९४१ साली त्यांनी दोन द्रवांमधल्या वाटणीचं तत्त्व मांडलं, १९४४ साली मार्टिनने कॉन्सडेन आणि गॉर्डन यांच्यासह ते साध्या गाळणकागदावर उतरवलं, आणि १९५२ साली मार्टिन आणि सिंजना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अमिनो आम्लांनाही रंग नसतो. ती दिसावीत म्हणून सुकलेल्या कागदावर निनहायड्रिन फवारायचं आणि तापवायचं, मग जांभळे ठिपके उमटायचे. म्हणजे कागद आला तेव्हापासूनच न दिसणाऱ्याला दिसायला लावणं हे त्याचं काम होतं. शाळेतल्या प्रात्यक्षिकात आपण नेमकं तेवढंच गाळून मुलांना स्केचपेनची शाई देतो.

भाच्याच्या पहिल्या पट्ट्या देखण्या निघाल्या. तळाशी गडद तपकिरी डाग, त्यावर मधासारखा पट्टा, अगदी वर पिवळी किनार. माझ्या पट्ट्या तशा नव्हत्या. इथे सगळं एकमेकांत मिसळून वर गेलेलं, पट्ट्यांना कडाच नाहीत. त्याला वाटलं आपलं पान उत्तम आणि मावशीचं भिकार. पानात फरक होताच. त्याच्याकडे पिवळं व्हर्जिनिया, माझ्याकडे काळं मशेरीचं. पण कारण तेवढंच नव्हतं. माझ्याकडे तेव्हा जुलै होता.

हे जरा नीट सांगते, कारण घरी असला प्रयोग करणाऱ्यांच्या बोलण्यात हवेचा मुद्दा क्वचितच येतो. कागद म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज कोरडं कधीच नसतं. हवेतलं पाणी ते धरून ठेवतं. कागदी क्रोमॅटोग्राफीत ठिपक्याला मागे ओढणारा जो स्थिर भाग म्हणतात, तो मुख्यतः हे धरलेलं पाणीच. द्रावक वर खेचतो, पाणी मागे ओढतं, ह्या रस्सीखेचीतून मंडळी सुटी होतात. आता फोंड्यातला आषाढ घ्या. मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, दाराच्या चौकटी फुगतात, चामड्याच्या चपलेवर हिरवी बुरशी धरते, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही वास मारतात. तो कागद किती पाणी पिऊन बसलेला असेल? आणि तिकडे स्विंडनच्या कोरड्या खोलीत तोच कागद त्या मानाने खडखडीत. दोघांनी एकाच पानाचा एकच अर्क एकाच द्रावकात चालवला असता तरी आरएफचे आकडे जुळले नसते.

सिलिका लावलेल्या पातळ पट्ट्यांचं, म्हणजे टीएलसीचं, तर ह्याहून वाईट. सिलिका पाण्याची अतिशय हावरी. पावसाळ्यात उघडी राहिलेली पट्टी बघता बघता ओलावा शोषते आणि तिची पकड सैल होते. मग सगळे ठिपके नेहमीपेक्षा वर पळतात. म्हणून प्रयोगशाळेत पट्टी आधी ११० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये तापवून घेतात आणि कोरड्या डब्यात थंड करतात. आमच्या क्यूसीत वातानुकूलन चोवीस तास चालायचं ते आमच्या सुखासाठी नव्हतं. भिंतीवर आर्द्रतेचं यंत्र असे आणि त्याचा आकडा रोज वहीत उतरवायचा असे. नवीन आलेल्या मुलींना ते काम कारकुनी वाटे. त्यांना एकदा वसाहतीबाहेर, पागोळ्याखाली उभं करून पट्टी चालवायला लावली असती तर वाटलं नसतं.

म्हणून मी भाच्याला पहिला नियम सांगितला तो हा: दुसऱ्याच्या पट्टीचा आकडा आपल्या पट्टीला लावायचा नाही. पुस्तकातलासुद्धा नाही. तुलना करायची तर दोन्ही ठिपके एकाच कागदावर, शेजारी शेजारी, एकाच वेळी चालवायचे. हवा काय करायचं ते दोघांनाही सारखंच करते.

आणि नेमकी इथेच घरगुती विश्लेषणाची खरी अडचण सुरू होते: शेजारी लावायचं काय? कंपनीत आम्ही सॅम्पल चालवायचो तेव्हा शेजारी स्टँडर्ड असायचं, म्हणजे शुद्धतेचं प्रमाणपत्र असलेला, कुलपात ठेवलेला पदार्थ. स्टँडर्डशिवाय पट्टीवरचा ठिपका हा नुसता ठिपका. त्याला नाव नसतं. ‘बहुतेक हेच निकोटीन’ असं म्हणायची मुभा क्यूसीत कुणालाच नव्हती, आणि ती नसावीच.

शुद्ध निकोटीन घरात आणायचं नाही ह्यावर आमचं लगेच एकमत झालं. ते कातडीतूनही शरीरात जातं. तंबाखूच्या ओल्या पानांत राबणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात त्या ह्याचमुळे. ती ओळखीची व्याधी आहे. मग स्टँडर्ड म्हणून मी औषधाच्या दुकानातली निकोटीनची चघळायची गोळी सुचवली, सिगारेट सोडवायला देतात ती २ मिलिग्रॅमची. नुसत्या स्पिरिटमध्ये भिजवली तर तिच्यातलं निकोटीन सहजी सुटत नाही, कारण ते एका रेझिनला बांधलेलं असतं. तोंडात चघळताना लाळेतले क्षार त्याची जागा घेतात तेव्हा ते मोकळं होतं. म्हणून गोळी मिठाच्या पाण्यात चेचायची. पण मीठ ठिपक्याला पसरवतं, आणि गोळीत पुदिना, गोडवा असं आणखी बरंच असतं. तरीही नावगाव असलेला एक ठिपका हाती लागला, आणि घरच्या कामात तेवढं पुष्कळ.

आता तो दिसायचा कसा? नोटा तपासायचा जांभळा, म्हणजे अतिनील, दिवा आम्ही दोघांनी घेतला होता. त्याच्याखाली तंबाखूची पट्टी खरंच नवलाची दिसते. साध्या उजेडात जिथे काहीच नव्हतं तिथे निळे झगझगीत पट्टे उमटतात. पानातल्या स्कोपोलेटिन आणि क्लोरोजेनिक आम्लाची ही करामत. पानात थोडं हरितद्रव्य उरलं असेल तर ते रक्तासारखं लाल चमकतं. भाच्याने त्या रात्री दिवाणखान्यातले सगळे दिवे मालवून घरातल्यांना प्रयोग दाखवला. निकोटीन मात्र त्या दिव्यालाही दाद देत नाही. ते शोषतं २६० नॅनोमीटरच्या आसपासचे किरण, आणि नोटांचा दिवा ३६५चा. त्याला पकडायचं तर चमकणारा लेप दिलेली खास सिलिकापट्टी आणि २५४चा दिवा लागतो. तेव्हा हिरव्या उजेडावर तो काळ्या सावलीसारखा दिसतो. तो दिवा डोळ्यांना वाईट. मी त्याला घेऊ दिला नाही.

आयोडीनची वाफ हा स्वस्त उपाय. बंद बरणीत आयोडीनचे दोन स्फटिक आणि पट्टी. पण आयोडीन जवळजवळ सगळ्यांनाच तपकिरी करतं, त्यामुळे ‘इथे कोणीतरी आहे’ एवढंच कळतं. शेवटी मी पणजीतल्या प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून बिस्मथचं नायट्रेट आणि पोटॅशियम आयोडाइड आणलं, कॉलेजात शिकलेलं ड्रॅगेन्डॉर्फचं द्रावण केलं, आणि माझ्या पट्टीवर फवारलं. अल्कलॉइड, म्हणजे निकोटीनच्या जातीचं द्रव्य, असेल तिथे ते नारिंगी उमटतं.

उमटलं. गोळीच्या रांगेत आणि पानाच्या रांगेत, दोन्हीकडे, साध्या उजेडात जिथे कागद कोरा होता नेमका तिथे. मधासारख्या पट्ट्यात नाही, पिवळ्या किनारीत नाही, निळ्या झगझगाटातही नाही.

सिलिकेवर तोच ठिपका आधी लांब शेपूट काढून आला होता. सिलिका आम्लधर्मी, निकोटीन आम्लारी. ते जागोजागी चिकटत, घसटत वर जातं. द्रावकात अमोनियाचे थेंब टाकले की शेपूट आखडतं. ह्याला आम्ही टेलिंग म्हणायचो, आणि पडद्यावर टेलिंग दिसलं की वरिष्ठांची पावलं आमच्या टेबलाकडे वळायची. घरच्या स्वयंपाकघरात, गॅसपासून दूर, खिडकी उघडी ठेवून तेच शेपूट आखडताना बघायला मला निवृत्तीनंतर फार बरं वाटलं, हे कबूल करते. यजमानांना अमोनियाच्या वासाने बरं वाटलं नाही.

आता भाच्याचा पुढचा प्रश्न आला, आणि खरा प्रश्न तोच होता. “किती आहे?”

पट्टीवर ‘किती’ कळत नाही. ठिपका मोठा की लहान, गडद की फिका, ह्यावरून तुलनेने जास्त-कमी म्हणता येतं, तेही ठिपके मापून लावले असतील तर. सुई-सिरिंजने एकेक मायक्रोलिटर मोजून लावणं आणि काडीने टेकवणं ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक. भाच्याने मग टायट्रेशनचा विषय काढला. स्वतः मिश्रण करणारे लोक निकोटीनची ताकद तशी तपासतात. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू हे आम्लात रंग बदलणारं द्रव्य घालायचं, मोजलेलं आम्ल थेंब थेंब सोडायचं, निळ्याचं पिवळं होईपर्यंत. स्वच्छ, नुसत्या निकोटीनच्या द्रावणाला ते चालतं. पानाच्या अर्काला चालत नाही. एक तर तो अर्क चहाइतका गडद, त्यात निळं-पिवळं कोण बघणार? आणि पानात निकोटीन बरंचसं मॅलिक, सायट्रिक असल्या आम्लांशी जोडी करून बसलेलं असतं, म्हणजे आम्लाने मोजायला जावं तर ते आधीच आम्लाने भागलेलं. आकडा येतो, पण त्याचा निकोटीनशी संबंध राहत नाही.

‘किती’च्या मागोमाग ‘बरं की वाईट’ येणारच होतं. इथे मी त्याला गणित मांडून दाखवलं. एक ग्रॅम पानात २ टक्के निकोटीन धरलं तर ते २० मिलिग्रॅम. तंबाखूतली जी नायट्रोसामिनं कर्करोगासाठी कुप्रसिद्ध आहेत, एनएनएन आणि एनएनके, ती पान वाळवताना, मुरवताना तयार होतात आणि ग्रॅममागे मायक्रोग्रॅमांत मोजली जातात. म्हणजे निकोटीनच्या हजारो पटींनी कमी. आपल्या नारिंगी ठिपक्यात निकोटीनच जेमतेम काही मायक्रोग्रॅम असतं. त्याचा हजारावा हिस्सा कुठल्या फवाऱ्याने दिसणार? त्याला द्रव-क्रोमॅटोग्राफीच्या पुढे मास स्पेक्ट्रोमीटर, रेणू वजनावरून ओळखणारं यंत्र, जोडावा लागतो, आणि तो चालवणारं माणूस लागतं. लोण्याचा वास देणारं डायअॅसिटिल घे. ते तर ८८ अंशांना उकळतं; ठिपका सुकवताना हेअर ड्रायर मारलास की ते खिडकीतून गेलं. पट्टी म्हणेल, नाही बुवा. आणि अमेरिकेत २०१९ साली वेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ माणसं रुग्णालयात गेली किंवा दगावली, त्यांतली ६८ मेली. तो प्रकार मुख्यतः गांजाच्या बेकायदा काडतुसांतला, आणि संशयाचा काटा गेला तो व्हिटॅमिन ई अॅसिटेटवर. गोळीतून पोटात जाणारी, मलमात घालतात ती साधी चीज. पोटाला चालतं ते फुप्फुसाला चालतंच असं नाही, आणि पट्टीला ना पोट ना फुप्फुस.

“मग ही पट्टी कशाला?” तो वैतागून म्हणाला.

कशाला ते सांगते. आज काढलेला अर्क आणि काही महिन्यांपूर्वी काढलेला अर्क शेजारी चालव. साठवणीत काय बदललं ते दिसेल. एकदा गाळलेला आणि पुन्हा पुन्हा गाळलेला शेजारी चालव. गाळण्याने खरंच काही गेलं का, ते दिसेल. त्याने हे केलं आणि त्याला एक गोष्ट कळली जी कोणी सांगून पटली नसती: बारीक गाळणीने मेणकट गाळ अडतो, पण विरघळलेलं तपकिरी जसंच्या तसं खाली येतं. साखरा आणि तपकिरी मंडळी पुढे वेपमधल्या तापणाऱ्या तारेवर जळून काळी खरड धरतात, त्याची त्याला रोजची कटकट होती. ती गाळणीने संपणार नाही, हे पट्टीने दाखवलं.

प्रोपिलीन ग्लायकॉलचा त्रासही पट्टीवरच उघडा पडला. ते १८८ अंशांना उकळतं, वेपच्या द्रवात त्याच्या जोडीला असतं ते ग्लिसरीन २९०ला. दोन्ही ठिपक्यातून उडून जात नाहीत, उलट हवेतलं पाणी ओढतात, आणि ठिपका सुकतच नाही. ओल्या ठिपक्याचा पट्टा पसरट निघतो. त्याच्या त्या पहिल्या, देखण्या, रुंद मधाळ पट्ट्यांतला बराच डौल ग्लायकॉलचा होता.

आणि स्वाद? ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पानातले रंग मोडतात तेव्हा बनतो. पान वाळताना, ढीग लावून मुरवताना हरितद्रव्य विरतं, पिवळी-नारिंगी कॅरोटिनॉइडं तुटतात आणि त्यांच्या तुकड्यांतून मेगास्टिग्माट्रायनोनसारखी सुगंधी रसायनं निघतात. चांगल्या मुरलेल्या पानाचा वास हा मेलेल्या रंगांचा वास आहे. तीही बिनरंगाची, उडून जाणारी. त्यांना गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे वाफेतली रसायनं सुटी करणारं यंत्र, लागतो. मार्टिननेच जेम्सबरोबर १९५२ साली तो जगापुढे ठेवला. माझ्या बरणीत ते बसणार नाही.

माझ्याकडच्या पानांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. शेजारच्या आत्येला मी म्हापशाहून तंबाखू आणल्याचं कळलं. ती मशेरी लावते. पान तव्यावर काळं होईस्तो भाजायचं, कुटायचं, सकाळी बोटाने दातांना लावायचं. कोकण-गोव्यातल्या आमच्या आधीच्या पिढीतल्या बायांना ह्याचं काही विशेष वाटत नसे, कारण ओढणं ते व्यसन, मशेरी म्हणजे दात घासणं. तिने थोडी भाजून दिली आणि म्हणाली, “ही बघ तुझ्या कागदावर. हिच्यातलं सगळं जळून गेलेलं असतं.”

मी चालवली. पट्टी इतकी कंगाल की बघवत नाही: रेघेवर एक काळा डाग आणि वर जवळजवळ काही नाही. जांभळ्या दिव्यात निळं नाव नाही. रंग खरंच जळून गेले होते. मग फवारलं, आणि नारिंगी ठिपका पानाच्या रांगेत होता तिथेच मशेरीच्या रांगेत आला. तिला बोलावून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “मग हेच तर लागतं गो सकाळी.” मुंबईत गर्भवती बायांचा एक मोठा अभ्यास झाला होता, २००४ साली प्रसिद्ध झाला, बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांत बहुतेक मशेरीवाल्याच होत्या आणि त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनी कमी भरलं होतं. तो आकडा मी तिला सांगितला. तिची बाळंतपणं कधीच मागे पडलीत. सुनेला सांगते, म्हणाली. सून लावत नाही.

तंबाखू ह्या किनाऱ्याला नवी नाही. ती पोर्तुगिजांबरोबर आली, घाट चढून विजापूरला गेली, आणि तिथूनच अकबराचा दूत असद बेग याने १६०४च्या सुमाराला ती त्याच्या दरबारात नेली. जहांगीरने १६१७ साली बंदी घातली, ती किती पाळली गेली ते दिसतंच आहे. पोर्तुगीज गोव्यात तंबाखूवर सरकारी मक्ता होता आणि तिजोरीला त्याची चांगली कमाई होती. आणि ह्याच गोव्याने १९९७ साली, देशाचा कायदा यायच्या सहा वर्षं आधी, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकण्यावर स्वतःचा कायदा केला. त्यामागे डॉ. शरद वैद्य या कर्करोग शल्यविशारदाचा पाठपुरावा होता. मक्ता आणि मनाई, दोन्ही ह्याच मातीत.

भाच्याच्या बाटल्यांवर आधी चिकटपट्टी असायची: ‘व्हर्जिनिया, ६ मिग्रॅ’. हा सहा कुठून आणलास, मी विचारलं. पानाच्या वजनावरून, टक्केवारी धरून, सगळं उतरलं असं मानून. मी म्हटलं, तो आकडा काढ. पान कुठलं, भिजवलं कधी, गाळलं कधी, कशातून, एवढं लिही. ते तुला माहीत आहे. ताकदीचा आकडा हवाच असेल तर दुकानातली सीलबंद बाटली घे, तिच्यावर छापलेल्या आकड्याला निदान कोणीतरी जबाबदार असतं. आणि एरवी तुझा अर्क प्रयोगशाळेत पैसे मोजून दे. त्याने चौकशी केली. एका नमुन्याचा खर्च त्याच्या वर्षभराच्या पानांपेक्षा जास्त निघाला. परवा व्हिडिओवर नव्या बाटल्या दाखवल्या. पानाचं नाव आहे, तारखा आहेत, गाळणीचा प्रकारसुद्धा आहे. सहा अजून आहे, फक्त त्याच्यापुढे ‘अंदाजे’ आलंय. त्यावर आमचं अजून चालू आहे.